दैवत नसलेला उत्सव

उत्सवाला दैवत लागते, ही आपल्याकडची जुनी समजूत. दैवत लहान असेल, वेशीवरचे असेल, शेंदूर फासलेला नुसता दगड असेल. पण ते असावे लागते. आधी त्याचा मान, मग नैवेद्य आणि मग माणसांची पंगत, असा तो क्रम. अन्न या क्रमात शेवटी येते आणि शेवटी येते म्हणूनच त्याला प्रसादाची प्रतिष्ठा लाभते. युरोपातही पूर्वी फार निराळे नव्हते. संतांचे दिवस, उपवासाचे दिवस आणि पारण्याचे दिवस यांनीच तेथील पंचांग भरलेले असे. केवळ अन्नासाठी अन्नाचा उत्सव ही कल्पना अलीकडची आहे. आणि ज्या समाजाला पोट भरण्याची चिंता उरलेली नाही त्यालाच ती सुचू शकते, असे प्रथमदर्शनी वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे हे पडताळून पाहावयाचे असेल तर नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील स्टाव्हांगर हे शहर त्यासाठी फार सोयीचे आहे.

या शहरात १९९९ साली 'ग्लादमात' नावाचा खाद्योत्सव सुरू झाला. नॉर्वेजियन भाषेत 'ग्लाद' म्हणजे आनंदी आणि 'मात' म्हणजे अन्न. 'आनंदी अन्न' हे भाषांतर शब्दशः बरोबर, पण मराठी कानाला चमत्कारिक, कारण आपल्याकडे अन्न पवित्र असते, पूर्णब्रह्म असते, सात्त्विक किंवा तामस असते, आनंदी नसते. आनंद खाणाऱ्याचा, अन्नाचा नव्हे. त्याच वर्षी, त्याच बंदराच्या काठी, खनिज तेलाचे एक वस्तुसंग्रहालयही उघडले. हा योगायोग असला तरी बोलका आहे. उत्तर समुद्रातील एकोफिस्क येथे १९६९ च्या अखेरीस तेलाचा मोठा साठा हाती लागला आणि मासे डब्यांत भरून जगाला विकणारे हे शहर पाहता पाहता देशाची तेलराजधानी बनले. मासळीचा धंदा ओसरला, तेलाचा पैसा आला, आणि मग तीस वर्षांनी मासळीचा उत्सव सुरू झाला. पोटाची गोष्ट मागे पडल्यावरच जिभेची गोष्ट सुरू होते, या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा?

अलीकडच्या एका जुलै महिन्यात बर्गेनहून एक मराठी कुटुंब हा उत्सव पाहण्यासाठी निघाले. मुलगा मत्स्यविज्ञानाचा संशोधक, सून शिक्षिका, दहा वर्षांची नात, आणि तीन महिन्यांसाठी मालवणकडून आलेली मुलाची आई. बाईंचे वय सत्तरीच्या पुढचे. बर्गेन ते स्टाव्हांगर हा प्रवास बसने पाचएक तासांचा. वाटेत बस दोनदा बोटीवर चढते आणि दोनदा उतरते. बाईंना खाडीचे आणि तरीचे नवल नव्हते. नवल होते ते रात्री दहा वाजताही न मावळणाऱ्या उजेडाचे, आणि त्याहून अधिक आपल्या मुलाच्या घरातील एका नियमाचे.

त्या नियमाविषयी थोडे सांगितले पाहिजे. बाईंनी येताना सुक्या बांगड्यांची आणि सुकटीची एक पिशवी तीन पदरी बांधून आणली होती. आगोटीला जे भरून ठेवायचे तेच मुलासाठी आणलेले. मुलाने ती पिशवी हसतमुखाने घेतली आणि फ्रीजच्या तळाशी ठेवून दिली. "आई, इथे नको. वर-खाली लोक राहतात, भिंती पातळ, वास जिन्यात जातो," एवढेच तो म्हणाला. बाईंनी वाद घातला नाही. परक्या गावात परक्यांच्या नाकाचा मान राखावा, हे त्यांनाही कळत होते. पण ज्याचे सारे शिक्षण मासळीवर झाले, ज्याचा पगार मासळीवर चालतो, त्याच्या घरात मासळीचा वास चालू नये, हे कोडे मात्र त्यांना सुटत नव्हते.

शनिवारी सकाळीच 'वोगेन' नावाच्या बंदराच्या दोन्ही कडांवर पांढऱ्या तंबूंच्या रांगा गजबजल्या होत्या. वोगेन म्हणजे शहराच्या पोटात शिरलेली समुद्राची अरुंद जीभ. एका बाजूला वखारींच्या जुन्या लाकडी इमारती, वर चढणीवर पांढऱ्या रंगाची जुनी वस्ती. तंबूंत मासळीचे सायीदार सूप, तळलेले मकरेल, उकडलेली कोळंबी आणि पाव, दक्षिणेकडील यारेनच्या सपाट कुरणांतले कोकराचे मांस, बेटांवरील काचघरांतले टोमॅटो, बटाट्याच्या पातळ पोळ्या. मकरेल ही बांगड्याचीच चुलत बहीण. बाईंनी ती पाठीवरच्या रेघांवरून ओळखली. एका वाडग्याची किंमत रुपयांत करून पाहण्याची सवय त्यांनी दुपारपर्यंत सोडून दिली. एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत सोडता आली नाही. अर्धे खाऊन टाकलेल्या कागदी ताटल्यांनी भरलेल्या पिंपाशी त्या प्रत्येक वेळी क्षणभर थांबत. काही बोलत नसत, पण थांबत.

दुपारी एका बाकावर बसल्यावर त्यांनी नातीला हळूच विचारले, "सणाक उपास नाय, देवाक निवेद नाय, मगे हो सण कोणाचो गो?"

नातीला मालवणी कळे, पण प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. तिने ते वडिलांना विचारले, वडिलांनी हसून पर्यटन, व्यापार, स्थानिक शेतमाल अशी कारणे सांगितली. ती सारी खरीच होती. पण बाईंचा प्रश्न कारणाचा नव्हता, दैवताचा होता. आणि कारणे सांगून दैवताचे उत्तर दिले जात नाही.

उत्तराचा पहिला दुवा त्यांचा त्यांनाच लागला, आणि तो नाकाने लागला. रांगेच्या टोकाशी एका तंबूत खारवून वाळवलेल्या कॉड माशाच्या चपट्या, पिवळसर फळ्या रचून ठेवल्या होत्या. नॉर्वेत याला 'क्लिपफिस्क' म्हणतात. 'क्लिप' म्हणजे खडक. पूर्वी हा मासा मीठ लावून किनाऱ्यावरच्या खडकांवर उन्हात पसरीत, म्हणून हे नाव. हाच मासा गलबतांतून पोर्तुगाल, स्पेन आणि ब्राझीलला गेला, तेथे 'बाकाल्याव' या नावाने सणाचे पक्वान्न झाला, पोर्तुगीजांबरोबर गोव्यातील ख्रिस्ती घरांतही पोहोचला, आणि टोमॅटो, कांदा, ऑलिव्हचे तेल असा परदेशी संसार घेऊन 'बाकालाव' हे नाव लावूनच नॉर्वेत माहेरी परतला. घरातून गेलेला शब्द परका होऊन परत येतो आणि घरचे लोक त्याचे कौतुक करतात, ही घटना भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. बाईंना हा इतिहास माहीत असण्याचे कारण नव्हते. त्या फळ्यांजवळ वाकल्या, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यां आमचांच खारां."

विक्रेता वयस्कर होता. नात मध्ये उभी राहून दुभाषाचे काम करू लागली. मीठ किती दिवस ठेवता, उलटता केव्हा, ऊन किती लागते, असे प्रश्न एकीकडून गेले आणि दुसरीकडून उत्तरे आली. आता सारे यंत्राने वाळवतात, पण आजीच्या काळी हे काम बायकांचे आणि मुलांचे होते, असे त्याने सांगितले. तेव्हा बाईंनी खरा प्रश्न विचारला, "आणि पाऊस इलो तर?" म्हाताऱ्याचा चेहरा पालटला. आभाळ भरून आले की चर्चमधूनसुद्धा बायका धावत निघत, मासे गोळा करून ढीग रचीत आणि वर झाकण घालीत, असे त्याने हातवारे करून सांगितले. त्याचे भाषांतर करावे लागलेच नाही. अंगणात वाळत घातलेल्या मासळीवर पावसाचा पहिला थेंब पडताच जी धांदल उडते ती बाईंनी साठ वर्षे पाहिली होती. त्या दोघांच्या बोलण्यात चवीचा उल्लेख एकदाही आला नाही. सारे बोलणे नासण्याच्या भीतीचे होते. मुलगा बाजूला उभा राहून ते ऐकत होता.

चवीच्या मागे ही जी भीती उभी असते तिचा इतिहास स्टाव्हांगरपुरता सांगावयाचा तर तो नेपोलियनच्या युद्धापासून सुरू करावा लागतो. १८०७ ते १८१४ या काळात इंग्रजी आरमाराने नॉर्वेची नाकेबंदी केली आणि डेन्मार्कमधून येणारे धान्य थांबले. लोकांनी झाडाची साल दळून पिठात मिसळली. बायकोमुलीसाठी जव आणण्याकरता होडी वल्हवीत डेन्मार्कला जाणाऱ्या आणि परत येताना पकडल्या जाणाऱ्या माणसाची कथा इब्सेनने १८६२ साली 'तेर्ये व्हीगेन' या काव्यात सांगितली. आधुनिक नॉर्वेजियन साहित्याच्या आरंभकाळातील ही एक अन्नकथाच आहे. त्याच उपासमारीच्या काळात, १८०८ च्या सुमारास, बरीच वर्षे दिसेनासे झालेले हेरिंग माशांचे थवे या किनाऱ्याशी परतले. १८०१ मध्ये स्टाव्हांगरची वस्ती सुमारे अडीच हजार होती. १८७५ पर्यंत ती वीस हजारांच्या घरात गेली. हे सारे हेरिंगने केले. बंदराकाठच्या वखारी या त्या मिठाच्या आणि पिंपांच्या वखारी. आणि मग १८७० च्या सुमारास हेरिंग जशी आली तशीच निघून गेली. शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. उकडलेला बटाटा आणि खारी हेरिंग हे गरिबाचे नित्याचे जेवण तेवढे मागे राहिले. कोकणात जी जागा पेज आणि खाऱ्या बांगड्याची, तीच येथे याची.

या शहराच्या बाजारचौकात अलेक्झांडर शेलान या कादंबरीकाराचा पुतळा आहे. शेलान स्टाव्हांगरचा, जन्म १८४९ चा. पुढे तो या शहराचा महापौरही झाला. 'स्किपर वोर्से' या १८८२ मधील कादंबरीत त्याने येथील हाउगेपंथीयांचे चित्र काढले आहे. हान्स निल्सन हाउगे हा शेतकरी धर्मोपदेशक १७७१ ते १८२४ या काळातला. त्याचे अनुयायी कष्ट, काटकसर आणि सचोटीचा व्यापार यांना भक्तीचेच रूप मानीत. हसण्याचा आणि नाचण्याचा त्यांना संशय होता, जेवणातल्या चोचल्यांचाही. शेलान स्वतः खाण्यापिण्याचा मोठा शौकीन. त्याने या माणसांवर उपहासाचे आसूड ओढले, पण त्यांच्या श्रद्धेतील साधेपणाची बूज राखूनच. ज्या गावात आनंदाकडे इतक्या शंकेने पाहिले जात होते त्याच गावाने आपल्या उत्सवाला 'आनंदी अन्न' असे नाव द्यावे, यात काळाचा विनोद आहे. पण कदाचित तो विनोदच आहे असेही नाही. ज्यांनी आनंद इतका काळ राखून ठेवला त्यांनाच त्याचे नाव मोठ्याने उच्चारावेसे वाटत असेल.

संध्याकाळी हे कुटुंब परदेशी पदार्थांच्या बाजूला वळले. तेथे 'भारतीय' अशी पाटी लावलेला एक तंबू होता. लाल रस्सा, पांढरा भात, एक तळलेला त्रिकोण. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा सारा स्वयंपाक एका पाटीखाली आणि एका रंगात आणलेला. बाईंनी चौकसपणे पाहिले आणि विचारले, "हे कुठले लोक खातात?" सून म्हणाली, "आई, हे सगळीकडचे आणि कुठलेच नाही." तिच्या उत्तरातील मर्म साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगावयास नको. 'भारतीय साहित्य' या पाटीखाली आपण जे मांडतो त्यातही रस्सा एकाच रंगाचा होत जाण्याचा धोका असतोच. आणि परक्याला चालावे म्हणून ज्याचा वास आधी काढून टाकलेला असतो, तेच बहुधा त्या पाटीखाली बसते.

रविवारी उत्सव संपलेला होता. तंबू उतरवले जात होते, बंदरावर पाण्याचे फवारे मारून दगड धुतले जात होते. ते कुटुंब जुन्या वस्तीतल्या डबाबंद मासळीच्या वस्तुसंग्रहालयात गेले. हेरिंग गेल्यावर स्टाव्हांगरला ज्याने तारले तो ब्रिसलिंग नावाचा बोटभर मासा. १८७३ साली येथे पहिला डबाबंदीचा कारखाना निघाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शहरभर अशा कारखान्यांची दाटी झाली. मासे गजांवर ओवायचे, ओकच्या लाकडाच्या धुरात धुरवायचे, मुंडकी छाटायची, आणि डब्यात एकसारखे रचून तेल ओतायचे. ओवणारे आणि रचणारे हात मुख्यत्वे बायकांचे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यांच्या वासाला 'हा पैशाचा वास आहे' असे म्हणण्याची रीत होती. नाकाला रुमाल लावणाऱ्याला दिलेले ते उत्तर होते.

संग्रहालयाचे नाव 'इद्दिस'. हा शब्द नॉर्वेजियन शब्दकोशांतल्या प्रमाण भाषेतला नव्हे. तो स्टाव्हांगरच्या बोलीतला, मुलांच्या तोंडी घडलेला. डब्यांवर चिकटवण्याची रंगीत लेबले शहरातली मुले गोळा करीत, त्यांची अदलाबदल करीत. लेबलाला प्रतिष्ठित शब्द 'एतिकेत', तो फ्रेंचमधून आलेला. मुलांनी त्याची झिजवून 'इद्दिस' केली. लेबलांवर राजे, जहाजे, पऱ्या, हत्ती, काय वाटेल ते असे. क्रिस्तियान ब्येलान यांच्या कंपनीला १९०२ साली दुसऱ्या ऑस्कर राजाचे नाव व चित्र वापरण्याची परवानगी मिळाली आणि गरिबाच्या मुठीतला मासा राजाची मुद्रा घेऊन समुद्रापार गेला. परंतु नावाने मोठे होण्यात धोकाही असतो. परदेशी बाजारात हा मासा 'सार्डिन' म्हणून खपू लागला तेव्हा खऱ्या सार्डिनवाल्या फ्रेंच व्यापाऱ्यांनी हरकत घेतली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडच्या न्यायालयांत खटले चालले, आणि ब्रिटनमध्ये ब्रिसलिंगला सार्डिन म्हणता येणार नाही असे ठरले. मासा तोच, डबा तोच, भूक तीच. वाद फक्त नावाचा. आपली तारली ही मात्र सार्डिनच्याच कुळातली. तिच्या वतीने कोणी कोर्टात गेले नाही, कारण तिला राजाची मुद्रा लाभली नाही.

संग्रहालयातल्या बाकावर बसून मुलाने आईला एक वेगळी हकीकत सांगितली. ती त्याच्या अभ्यासातली होती. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात एक करार झाला आणि पुढच्या वर्षापासून केरळात कोल्लमजवळ नींदकरा येथे नॉर्वेजियन मदतीने मच्छीमारीचा प्रकल्प सुरू झाला. यंत्रावरच्या होड्या, बर्फाचा कारखाना, दवाखाना, पिण्याचे पाणी. हेतू असा की किनाऱ्यावरच्या गरिबांचे जीवनमान वाढावे आणि त्यांच्या आहारात मासळी वाढावी. पण थोड्याच वर्षांत गोठवलेल्या कोळंबीला परदेशात भाव आला, आणि होड्या मत्तीकडून, म्हणजे आपल्या तारलीकडून, कोळंबीकडे वळल्या. पैसा आला, पण तो सर्वांकडे सारखा आला नाही. आर्ने मार्टिन क्लाउसेन या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञाने १९६८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले की शेजारशेजारच्या दोन वस्त्यांनीसुद्धा एकच मदत निरनिराळ्या रीतीने घेतली. मुलाने हे सारे आकड्यांनिशी सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मगे तेंच्या ताटात काय ऱ्हवलां?" त्यांच्या ताटात काय उरले, हा प्रश्न त्या ग्रंथांच्या अनुक्रमणिकेत नाही, पण सारे ग्रंथ शेवटी त्याचेच उत्तर शोधीत असतात.

परतीच्या दुसऱ्या बोटीवर बाई आपणहून बोलू लागल्या. नातीने विचारले होते की आजी, तुमच्याकडे खारा बांगडा कसा करतात? तिला पाककृती हवी होती. बाईंनी सांगितले ते निराळेच. आषाढात समुद्र बंद असे, घरात भावंडे सात, आगोटीची भरणी तळाला गेलेली. चुलीच्या निखाऱ्यावर एक बांगडा भाजायचा आणि मधोमध ठेवायचा. प्रत्येकाने पेजेचा घोट घ्यावा आणि बांगड्याला बोट लावून चाटावे. मोडायचा नाही, कारण तो उद्याही पुरवायचा. त्यांची आई बोटसुद्धा लावीत नसे. "माका वासच पुरे," असे ती म्हणे. मुलांना ते खरेच वाटे. ती खोटे बोलत होती हे बाईंना कळले ते स्वतः आई झाल्यावर.

मुलाने हे पूर्वी कधी ऐकले नव्हते. सूनही गप्प होती. बोटीच्या यंत्राचा आवाज तेवढा येत होता आणि पश्चिमेकडे उजेड होता.

सप्तशतीत देवीला ज्या ज्या रूपांनी नमस्कार केला आहे त्यांत बुद्धी आहे, निद्रा आहे, लज्जा आहे, आणि क्षुधाही आहे. भुकेला देवी म्हणण्याचे धैर्य त्या कवीने केले, पण तिच्या नावाने देऊळ क्वचितच कोणी बांधले असेल. तिचा उत्सव कोणी करीत नाही. तिला विसरण्यासाठीच सारे उत्सव असतात. तरीही ती पूर्णपणे जात नाही. ती 'इद्दिस'सारख्या झिजलेल्या शब्दात राहते, पावसाच्या पहिल्या थेंबासरशी उठून धावणाऱ्या पायांत राहते, पिंपाशी क्षणभर थांबणाऱ्या म्हातारीत राहते. मुंबईतल्या मालवणी जत्रोत्सवांतून खाऱ्या बांगड्यासाठी रांगा लागतात तेव्हा तेथेही ती कोपऱ्यात उभी असणारच. स्टाव्हांगरच्या उत्सवाला दैवत नाही, हे बाईंचे म्हणणे अपुरे होते. ते आहे, फक्त त्याचे नाव घ्यावयाचे नाही असा तेथे संकेत आहे. तुलनेचा अभ्यास करणाऱ्यांनी पदार्थांची तुलना करावी, नावांचीही करावी. पण दोन किनाऱ्यांवरील माणसे एकमेकांना ज्या ठिकाणी दुभाषाशिवाय कळतात ते ठिकाण याहून खाली, पोटाजवळ असते.

बर्गेनला त्या आठवड्यात नेहमीप्रमाणे पाऊस होता. फ्रीजच्या तळाची पिशवी बुधवारी बाहेर निघाली, आणि ती मुलानेच काढली. खिडक्या उघड्या ठेवाव्यात की लावून घ्याव्यात, यावर मात्र घरात शेवटपर्यंत एकमत झाले नाही.